मुलाबाळांसह गावाकडे परतताना वस्ती कशी निवडावी

पुण्या-मुंबईहून विदर्भात परतणारी बहुतेक कुटुंबे दिवाळीच्या सुटीत घर पाहतात आणि तिथेच फसतात. दिवाळीत विहिरी भरलेल्या असतात, नळाला धार असते, रस्ते वाळलेले असतात आणि रात्री गारवा असतो. त्या आठवड्यात तालुक्याचे कोणतेही लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, राहण्याजोगे दिसते. मी स्वतःसाठी दोनदा आणि नंतर धाकटा भाऊ, मेहुणा व दोन मित्र यांच्यासाठी वस्ती शोधली आहे. त्यावरून ठामपणे सांगतो, की वस्ती मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाहावी, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला असेल तर अधिक चांगले, आणि जमल्यास त्याआधीच्या ऑगस्टात एकदा चिखलातून फिरून यावे.

आई-वडिलांच्या गावातच राहायचे की तालुक्याला, हे आधी घरात बसून ठरवावे. मुले सहा वर्षांच्या आतली असतील आणि गावापासून ग्रामीण रुग्णालय अर्ध्या तासात गाठता येत नसेल, तर माझे मत तालुक्याच्या बाजूने आहे. मात्र गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचीच वस्ती धरावी, म्हणजे आजोबा दुधाची किटली घेऊन सकाळी येऊन जाऊ शकतात. शाळेवरून वस्ती ठरवण्याचा सल्ला सगळेच देतात, पण तालुक्याच्या गावात शाळा फार लांब नसते आणि ऑटो मिळतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तरच घरापासूनचे अंतर आधी पाहावे.

आता पाण्याविषयी. नळ आहे का, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. २०१५ साली मी खारपाणपट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी, दिवाळीत पाहिलेल्या घरात, चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा घेऊन राहायला गेलो. घरमालकांनी सांगितले होते की नळ आहे आणि शिवाय बोअर आहे. दोन्ही खरे होते. एप्रिल लागला तेव्हा कळले, की नळ आठ-नऊ दिवसांनी येतो आणि बोअरचे पाणी इतके खारे आहे की चहात दूध घातले की ते फाटते. तेच पाणी कूलरला वापरले, तर पंधरा दिवसांत वाळ्यावर पांढरा कडक थर बसला आणि हवा येणेच थांबले. त्या उन्हाळ्यात मी टँकरवाल्याचा फोन येण्याची जितकी वाट पाहिली, तितकी नोकरीच्या पत्राचीही पाहिली नव्हती.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजलच खारे आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा अशा तालुक्यांत बोअर खोल नेल्याने पाणी गोड होत नाही. तेथे धरणावरून येणाऱ्या नळावरच भिस्त असते, म्हणून दोन नळांमधील दिवस मोजणे हेच खरे काम आहे. हे घरमालकाला किंवा दलालाला विचारू नये. मेमध्ये सकाळी लेआउटमधून पायी फिरावे आणि अंगणातील निळे ड्रम मोजावेत. दर घरासमोर तीन-चार ड्रम दिसले, तर उत्तर मिळाले. मग पाणी भरणाऱ्या बाईंना विचारावे. मेहुण्यासाठी घर पाहत असताना एका मावशींनी मला सांगितले होते, “पाण्याचं काय विचारता भाऊ, पाव्हण्यावानी येते.” तो लेआउट आम्ही तिथेच सोडला.

हिशेब कागदावर मांडावा. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे, म्हणजे चौघांना २२० लिटर झाले. विदर्भात त्यावर कूलर आहे, आणि हे परतणाऱ्यांच्या ध्यानातच राहत नाही: मेच्या उन्हात दिवसभर चाललेला मोठा कूलर शंभर लिटर पाणी सहज पितो. रोजचे ३२० लिटर धरले आणि नळ आठ दिवसांनी येत असला, तर २,५६० लिटर साठवण लागते. गच्चीवर ५०० लिटरची एकच काळी टाकी आणि खाली टाके नाही, असे घर कितीही हवेशीर असले तरी घेऊ नये. जलकुंभ कोठे आहे हेही पाहावे, कारण वाटेतल्या घरांनी नळाला पाणी ओढणारे छोटे टिल्लू पंप लावले की शेवटच्या ओळीतील घरांना नुसती हवा मिळते.

पाणी गोड लागले म्हणून ते चांगले आहे, असे मात्र समजू नये. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा आणि झरी जामणीच्या भागात अडचण फ्लोराइडची आहे, आणि फ्लोराइड जिभेला कळत नाही, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर वेगळे दिसत नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. लहान मुलांचे पक्के दात साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीत घडत असतात. त्या काळात जादा फ्लोराइड पोटात गेले, तर दातांवर पडणारे डाग आयुष्यभर राहतात. त्यामुळे वस्तीतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांशी थोडे बोलावे, त्यांना हसवावे आणि दात पाहावेत. त्यानंतर बाटलीभर पाणी भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. जडपणासाठी माझी जुनी पद्धत अजून चालते: त्या पाण्यात मूठभर तूरडाळ शिजवून पाहावी. नेहमीइतक्या शिट्ट्या होऊनही डाळ अख्खीच राहिली, तर पुढचे बोलणे नको.

पावसाळ्याची पाहणी सोपी आहे. नाल्याकडच्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ दिसते का आणि शाळेचा ऑटो दारापर्यंत येतो की डांबरी रस्त्यावरच थांबतो, एवढे पाहावे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग रंगाखाली लपवलेली आहे का, हेही बोटाने चाचपावे. ज्या लेआउटमध्ये निम्मे प्लॉट रिकामे आणि गाजरगवताने भरलेले आहेत, तेथे रांगत्या मुलाला घेऊन राहू नये. साप-विंचू तिथे रोजचेच असतात.

विजेसाठी संध्याकाळी सात वाजता जावे आणि पंखा किती वेगाने फिरतो ते पाहावे; त्यावरून व्होल्टेज कळते.

पहिले वर्ष भाड्यानेच राहावे. प्लॉट घेण्याची घाई असेलच, तर अकृषक आदेश (शेतजमीन घरांसाठी वापरण्याची परवानगी), मंजूर लेआउटचा नकाशा आणि सातबारा किंवा आखीव पत्रिका स्वतः वाचून पाहावी. शेताचे तुकडे पाडून नोटरीच्या कागदावर विकलेला प्लॉट निम्म्या भावात मिळाला तरी घेऊ नये.

सामान जूनच्या पहिल्या आठवड्यात हलवावे. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात, तोवर मुलांना वस्ती ओळखीची होते. शिवाय पहिला मोठा पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या लेआउटमध्ये भरलेला ट्रक शिरत नाही. भावाचे कपाट आणि फ्रिज आम्ही चौघांनी दीडशे पावले डोक्यावर वाहून नेले होते.