स्थानिक झाडांची बाग करताना या चुका टाळा

एखाद्या बागप्रेमी मंडळाने स्थानिक झाडांची बाग करायचे ठरवले, की पहिल्याच बैठकीत झाडांची यादी तयार होते. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ त्या यादीतच असते, कारण ती जागा न पाहताच केलेली असते. स्थानिक झाड कुठेही तग धरते, हा समज अर्धाच खरा आहे. ओढ्याकाठी वाढणारे झाड मुरमाड उतारावर लावले, तर ते स्थानिक असल्याचा त्याला काहीच उपयोग होत नाही.

त्याआधी ‘स्थानिक’ कशाला म्हणायचे, याचीच गल्लत होते. लहानपणापासून पाहिलेले झाड आपलेच वाटते. पण गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. घाणेरी तर अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून शोभेचे झुडूप म्हणून जगभर गेली आणि अनेक देशांत रानोमाळ पसरून बसली. याउलट, सदाहरित जंगलातले झाड त्याच देशातल्या कोरड्या पठारावर परकेच ठरते. म्हणून ‘हे आपल्या देशातले आहे का’ एवढ्यावर न थांबता, ‘आसपास अशाच मातीत आणि एवढ्याच पावसात ते आपणहून वाढते का’ असे विचारावे.

मातीची परीक्षा अगदी साधी आहे, तरीही ती टाळली जाते. सुमारे 30 सेंटीमीटर खोल व तेवढाच रुंद खड्डा पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. ती अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरत असेल, तर निचरा मंद आहे असे समजून ओलावा सोसणारी झाडे निवडावीत. चिकणमातीत खड्डा खणून तेवढ्यातच हलकी माती भरण्याचा उपाय मात्र करू नये. पावसाचे पाणी त्या खड्ड्यात साचून राहते आणि मुळे कुजतात.

रोप लावताना बुंध्याचा मुळांकडे रुंदावणारा भाग मातीखाली गाडला जाणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय, आणि तिचा परिणाम कधीकधी काही वर्षांनी दिसत असल्याने दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. पिशवीत गोल फिरलेली मुळे लावण्यापूर्वी मोकळी करावीत. पालापाचोळ्याचे आच्छादन 5 ते 8 सेंटीमीटर पुरते, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये. रानातून रोपे उपटून आणणे तर पूर्णपणे टाळावे: सोटमूळ तुटलेले रोप सहसा जगत नाही आणि रानही उघडे पडते.

लागवडीनंतर पहिल्या वर्षी वरची वाढ दिसली नाही, की सदस्य अस्वस्थ होतात आणि खताचा मारा सुरू होतो. वास्तविक या काळात अनेक बहुवर्षायू झाडे मुळे पसरवत असतात. हलक्या जमिनीची सवय असलेल्या झाडांना जास्त नत्र मिळाले, तर ती लुसलुशीत, लांबोडी वाढून आडवी पडतात, फुले कमी येतात आणि मावा ही रस शोषणारी कीड वाढते. असे दिसल्यास खत थांबवावे. पाने पिवळी पडली, तर पाणी वाढवण्याआधी बोटभर खोल माती चाचपून पाहावी. ती ओली असेल, तर पाणी जास्त होत असण्याची शक्यता मोठी आहे. याउलट, स्थानिक आहे म्हणून पहिल्या उन्हाळ्यात पाणीच न देणे हेही चूकच. रोज थोडेथोडे शिंपण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी दिले, तर मुळे खोल जातात.

पाने कुरतडलेली दिसताच फवारणीचा पंप काढणारा एक सदस्य प्रत्येक मंडळात असतो. रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराचे सुरवंट वाढतात. फुलपाखरे हवी असतील, तर पानांना भोके पडणारच. जास्त पाकळ्यांच्या जाती निवडतानाही कीटकांचा विचार करावा, कारण त्या पाकळ्या बहुधा पुंकेसरांपासून बनलेल्या असल्याने मधमाश्यांना तिथे परागकण फारसे मिळत नाहीत. सफाईचा अतिरेकही असाच नडतो. मधमाश्यांच्या सुमारे 70 टक्के जाती जमिनीत घरटी करतात, तर काही वाळक्या पोकळ काड्यांत. त्यामुळे बागेचा एखादा कोपरा आच्छादनाविना उघडा सोडावा आणि वाळलेल्या काड्या पुढच्या मोसमापर्यंत तशाच उभ्या राहू द्याव्यात.