कोल्का दरीची एका दिवसाची सहल : मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी

पेरूतल्या कोल्का कॅन्यनला जायचं म्हटलं की लोक आधी दरी किती खोल आहे ते विचारतात. सगळ्यांत खोल जागी सव्वातीन किलोमीटरच्या घरात आहे, अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनपेक्षा बरीच जास्त. पण तुमचा दिवस कसा जाईल ते खोलीवर ठरत नाही. दरी तुम्ही कठड्याजवळ उभं राहून बघणार, तिच्यात उतरणार नाही. तिथं पोचायला मात्र गाडी सुमारे ४,९१० मीटर उंचीच्या पातापांपा खिंडीतून जाते, आणि ती उंची सपाटीवरच्या माणसाला झेपते की नाही, यावर सगळा खेळ आहे.

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, नांदेड त्याहून बरंच खाली. म्हैसमाळला गेलं की आपण 'हवा बदलली' म्हणतो, ते जेमतेम हजार मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. सहल जिथून निघते ते अरेकिपा शहरच २,३३५ मीटरवर वसलंय. तिथून पहाटेच्या अंधारात तीनेक तासांत आणखी अडीच हजार मीटर चढायचं. खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, म्हणजे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच.

कधी जायचं

एप्रिल ते नोव्हेंबर तिथं कोरडे दिवस असतात; जानेवारी ते मार्च पाऊस, धुकं आणि दरडी. आपल्या शाळांच्या दोन्ही सुट्ट्या कोरड्या दिवसांत पडतात, हे बरं जमतं. मे महिन्यात आभाळ स्वच्छ आणि दरीत थोडी हिरवळ शिल्लक असते. दिवाळीनंतरही चालतं, फक्त डोंगर तपकिरी दिसतात. जून-जुलैत थंडी कडक असते, कारण विषुववृत्ताच्या खाली तेव्हा हिवाळा असतो. एरवीही, घरी पारा बेचाळिसावर सोडून निघालेला माणूस खिंडीत शून्याच्या आसपास उतरतो, तेव्हा 'मे महिना आहे' म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

कागदपत्रं आणि लस

भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन यांपैकी एखादा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल, तर सवलत आहे. तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीकडून खात्री करून घ्या. लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे पिवळ्या तापाची लस. अरेकिपात हा ताप नाही. पण भारत सरकारच्या यादीत पेरू आहे, म्हणून परत येताना विमानतळावर प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की जन्मभर चालते.

अरेकिपात दोन रात्री, त्याहून कमी नाही

भारतातून लिमाला थेट विमान नाही, एखाद-दुसऱ्या ठिकाणी बदलावं लागतं. लिमा समुद्रकाठी आहे, तिथून अरेकिपा विमानाने दीड तास. पेरूचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे, त्यामुळे पहिले दोन दिवस झोपेचा पत्ता नसतो. विमानतळावरून उतरून दुसऱ्याच पहाटे कोल्काची गाडी पकडणारे लोक असतात, आणि खिंडीत पिशवीत तोंड घालून बसणाऱ्यांत त्यांचीच भरती जास्त असते. झोप झालेली नाही आणि शरीर उंचीला सरावलेलं नाही, दोन्ही एकदम अंगावर येतं. दोन रात्री अरेकिपात काढा. पांढऱ्या सिलार दगडाचं जुनं गाव आणि सांता कातालिना मठ पायी फिरून बघा. १९९५ मध्ये आंपातो पर्वतावर बर्फात सापडलेल्या इंका मुलीचा देह ठेवलेलं संग्रहालयही इथंच आहे.

एका दिवसाची सहल चांगली की दोन दिवसांची? सवड असेल तर दोन दिवसांची. ती सावकाश असते, पहाटे तीनला उठावं लागत नाही. पण एका दिवसाच्या सहलीचाही एक फायदा आहे. उंचीचा खरा त्रास साधारण सहा ते बारा तासांनी चढतो, आणि झोप उंचावर काढली की वाढतो. एका दिवसात तुम्ही वर जाऊन रात्री खाली २,३३५ मीटरवर झोपायला येता. काही सहली मात्र दरीतल्या चिवाय गावाहून परस्पर तितिकाका सरोवराकाठच्या पुनोला जातात. पुनो ३,८०० मीटरच्या वर आहे, म्हणजे रात्रही वरच. पहिल्याच खेपेला ती घेऊ नका.

सहल ठरवताना काय विचारायचं

प्लासा दे आर्मास या मुख्य चौकाच्या आजूबाजूला एजन्सीची दुकानं ओळीने आहेत. सगळ्यांचा कार्यक्रम जवळपास सारखाच, फरक गाडीत आणि गाइडमध्ये. भाव करण्याआधी हे विचारा: गाडीत प्राणवायूचा सिलिंडर आहे का, गाइड परवानाधारक आहे का आणि इंग्रजी बोलतो का, हॉटेलच्या दारातून नेणार का, आणि दरीचं प्रवेश तिकीट किमतीत धरलंय का. बहुतेक वेळा धरलेलं नसतं. परदेशी पाहुण्यांना ते ७० सोल पडतं, वाटेत रोख भरावं लागतं. एक सोल म्हणजे साधारण पंचवीस रुपये धरून चला. जेवणही वेगळं असतं. प्रत्येकी दीडशे सोल सुट्टे ठेवा. डोंगरात कार्डाच्या भरवशावर राहू नका. एक-एक सोलची नाणी वेगळ्या खिशात ठेवा, स्वच्छतागृहात तीच लागतात.

आधी डॉक्टरांकडे

निघण्याच्या महिनाभर आधी रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. हिमोग्लोबिनकडे आपल्या घरच्या बायकांचं हमखास दुर्लक्ष होतं, आणि ते कमी असेल तर विरळ हवा दुप्पट जाणवते. नुकती बायपास झालेली, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार, आवाक्यात नसलेला रक्तदाब, सिकलसेल, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पैसे भरू नका.

उंचीसाठी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी देतात. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीने बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका. लघवीलाही वारंवार होते, आणि छोट्या बसमध्ये सोय नसते. म्हणून गाडी थांबेल तिथं, लागली नसली तरी जाऊन यायचं. पाणी कमी पिणं हा यावरचा उपाय नाही. त्याने डोकेदुखी वाढते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी पेन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावं. गोठलेलं इन्शुलिन कामाचं राहत नाही.

पिशवीत काय

एक जाड कोट नेण्यापेक्षा थर घाला: आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. पहाटे सगळं अंगावर असतं आणि दुपारी दरीत निम्मं हातात येतं. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोजे. साडीत थर्मल घालता येतं, पण गाडीच्या उंच पायऱ्या आणि खिंडीतला वारा बघता पंजाबी ड्रेसच सोयीचा. ऊन फसवं असतं. गारव्यामुळे चटका कळत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. संध्याकाळी नाक आणि कानाच्या पाळ्या सोलतात. सनस्क्रीन, गॉगल, रुंद टोपी आणि ओठांना लावायला काहीतरी हवंच.

शाकाहाऱ्यांनी 'सिन कार्ने' एवढंच म्हणून भागत नाही. तिथं कार्ने म्हणजे मुख्यतः लाल मांस. कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं पूर्ण म्हणा: मांस नको, कोंबडी नको, मासा नको. चिवायच्या दुपारच्या बुफेत बटाटे, मका, किन्वा, भात, कोशिंबीर मिळते. सूप मात्र विचारून घ्या, ते बहुधा हाडांच्या पाण्यातलं असतं. गूळ-शेंगदाणे, भाजलेले फुटाणे, कोरडी चटणी असं सीलबंद पाकिटातलं सोबत ठेवा आणि कस्टमच्या फॉर्मवर नोंदवा. कच्चं बी-धान्य आणि फळं नेऊ नका. शेंगदाण्याचं मूळ दक्षिण अमेरिकेतच आहे, तेव्हा तो माहेरीच चाललाय म्हणायचं.

तो दिवस

आदल्या रात्री आठच्या आत हलकं जेवा. दारू नाही, तळकट नाही. गाडी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान येते. वळणं लागत असतील तर पुढची जागा मागून घ्या आणि उलटीची गोळी निघताना घ्या, घाट लागल्यावर नाही. सालिनास इ आग्वादा ब्लांका या राखीव क्षेत्राच्या माळावर विकुन्या (उंटाच्या कुळातले जंगली प्राणी) दिसतात, पण जाताना अंधार असतो; त्यासाठी परतीचा प्रवास आहे.

पातापांपा खिंडीत आलात की पिशवीतलं चिवड्याचं पाकीट काढून बघा. अरेकिपात चपटं होतं ते इथं उशीसारखं टम्म फुगलेलं असतं, दाबलं तर कडक लागतं. बाहेरची हवा विरळ झाली, आतली पसरली. तुमच्या पोटातही तेच होतं, म्हणून आदल्या रात्री राजमा-हरभरा नको. इथं गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबते, जाताना किंवा येताना. समोर आंपातो (६,२८८ मीटर) आणि त्याच्या शेजारी धूर सोडणारा साबान्काया दिसतो. वाटसरूंनी रचलेल्या दगडांच्या चळती असतात, आपल्याकडे घाटात देवाला दगड ठेवतात तशा. फोटो काढा, पण लग्नाच्या वरातीत चालता तसं चाला. पळायचं नाही, फोटोसाठी उकिडवं बसून झटकन उठायचं नाही. तेवढ्यानेही डोळ्यांपुढे अंधारी येते.

खिंडीतून गाडी झपाट्याने हजार-बाराशे मीटर उतरते. कान दडपतात, आवंढा गिळा, लहान मुलांना चघळायला द्या. चिवाय (सुमारे ३,६३५ मीटर) इथं पाव, जाम आणि कोकाच्या पानांचा चहा असा नाश्ता होतो. हा चहा तिथं कायदेशीर आहे आणि उबेला बरा, पण गोळीची जागा तो घेत नाही. पुढच्या काही दिवसांत नोकरीसाठी अमली पदार्थांची तपासणी असेल तर पिऊच नका. एका कपानेही तुम्ही तीत दोषी ठरू शकता.

क्रुस देल कोंदोर या दरीकाठच्या कठड्यावर पोचायची वेळ आठ ते नऊ. यामागे कारण आहे. अँडीज कोंदोर हा गिधाडांच्या जातीचा पक्षी पंधरा किलोंपर्यंत भरतो, पंखांचा पसारा तीन मीटरच्या वर. एवढं वजन पंख मारून वर नेणं त्याला परवडत नाही. ऊन कड्यावर पडून हवा तापली की ती वर चढते, आणि तिच्यावर बसून कोंदोर खालच्या कपारीतून गिरक्या घेत वर येतात. एप्रिलच्या दुपारी शेतावर घार पंख न हलवता चढत जाते, तोच हा प्रकार, फक्त इथं तुम्ही वर आणि पक्षी पायाखाली. दहानंतर ते पांगतात. आभाळ भरलेलं असेल तर उशिरा येतात किंवा येत नाहीत, आणि त्यावर गाइडशी भांडून उपयोग नाही. गर्दी वरच्या कठड्यावर असते. खालच्या ओट्यावर जा, तिथं ते जवळून जातात. पांढरी गळपट्टी काळ्या, वाढलेल्या पक्ष्याला असते. तपकिरी दिसतो तो पिल्लू. दरी इथं नदीपर्यंत हजार-बाराशे मीटर सरळ खाली आहे, तेव्हा कठड्यावर बसून सेल्फी काढायची नाही.

परतीच्या वाटेवर माका आणि यांके गावांतली चर्च, आणि इंकांच्याही आधीपासून कसली जाणारी पायऱ्यांची शेती. गाइडला कपारीतली कोठारं दाखवायला सांगा. कोल्का या शब्दाचा अर्थच धान्याचं कोठार. आपल्या वाड्यातलं बळद किंवा जमिनीतलं पेव आठवेल. पेव खाली खणलं, यांनी कड्यात बांधलं. हेतू एकच, कोरडं राहावं आणि उंदराला सापडू नये. वाटेत सांकायो नावाचं निवडुंगाचं आंबट फळ विकायला असतं, चवीपुरतं घ्या. चिवायजवळच्या गरम कुंडांत उतरायचं तर दहा-पंधरा मिनिटंच, बाहेर पडून सावकाश कपडे घाला.

त्रास झाला तर

डोकं जड होणं, मळमळ, भूक मरणं याला तिथं 'सोरोचे' म्हणतात. शांत बसा, घोट-घोट पाणी प्या, साधी पॅरासिटामॉल घ्या. गाडी खाली उतरली की बहुधा कमी होतं. पण माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर ती साधी डोकेदुखी नाही. गाइडला लगेच सांगा, प्राणवायू लावा आणि खाली न्या. 'बाकीच्यांचा खोळंबा होईल' म्हणून गप्प बसायचं नाही. चिवायहून अरेकिपाला परततानाही तीच खिंड ओलांडावी लागते, हे लक्षात असू द्या. चिवायलाच बरं वाटत नसेल तर आधी तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवून मग निघा.

संध्याकाळी पाच-सहाला अरेकिपात परत. रात्री भात-सूप इतकंच खा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान ठेवू नका. बॅग भरताना सगळे खिसे उलटे करून बघा: कोकाची पानं आणि चहाच्या पुड्या तिथल्या बाजारात उघड मिळतात, भारतात मात्र कोकाचं पान अमली पदार्थविरोधी कायद्यात येतं. एक पुडीही आणू नका.