हिवाळ्यात स्पोर्ट्स कारसाठी टायर कसे निवडावेत

बहुतेक स्पोर्ट्स कार कारखान्यातून उन्हाळी टायर लावूनच बाहेर पडतात आणि थंडीत या टायरांचा त्रास बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. रबर गार पडले की कडक होते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान गेले की उन्हाळी टायरचे रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाशी पूर्वीसारखे एकजीव होत नाही आणि पकड उतरू लागते. हा आकडा काटेकोर सीमारेषा मानू नये, कारण स्वच्छ कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर त्याखालीही काही काळ निभावतो. मात्र रस्ता ओला झाला, सावलीतल्या वळणावर दंव साचले किंवा पुलावर पाण्याचा थर गोठला की तो निभाव संपतो. म्हणून टायर निवडताना ‘आमच्याकडे बर्फ पडतो का’ हा प्रश्न अपुरा आहे. सकाळी गाडी बाहेर काढताना रस्ता किती गार असतो, हे आधी पाहावे.

शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेल्या, जवळपास गुळगुळीत नक्षीच्या (टायरवर कोरलेल्या खाचांच्या) टायरांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. तीव्र थंडीत, साधारण उणे ७ अंशांच्या खाली, असे रबर इतके ठिसूळ होऊ शकते की त्याला तडे जातात. म्हणूनच काही उत्पादक त्या तापमानात गाडी चालवू नका, इतकेच नव्हे तर जागची हलवूही नका, अशी सूचना देतात. अशा टायरांची गाडी हिवाळाभर उघड्यावर उभी राहणार असेल, तर टायर आधीच बदललेले बरे.

हिवाळी टायरच्या रबरात सिलिका (वाळूत असणारे खनिज) आणि नैसर्गिक रबर यांचे प्रमाण अशा रीतीने राखलेले असते की ते थंडीतही लवचीक राहते. त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक नागमोडी चिरा असतात. टायरवर अंगठा दाबून ठोकळा थोडा वाकवला की त्या उघडताना दिसतात, आणि रस्त्यावर नेमके हेच घडते: चाक फिरताना चिरांच्या कडा बर्फात रुततात. मोठ्या खाचांत बर्फ दाबून भरला जातो, तेही उपयोगाचे असते, कारण दाबलेला बर्फ खालच्या बर्फाला चांगला धरतो. उन्हाळी टायरच्या खाचा मुख्यतः पाणी बाहेर फेकण्यासाठी कोरलेल्या असल्याने त्यांच्याकडून हे काम होत नाही.

यानंतर स्वतःच्या हिवाळ्याचा प्रकार प्रामाणिकपणे ठरवावा. रस्ते बहुतांशी साफ केलेले, ओले आणि गार राहत असतील, वेगवान महामार्गावर नियमित जाणे असेल आणि बर्फ मधूनमधूनच येत असेल, तर वेगवान गाड्यांसाठी मुद्दाम बनवलेले हिवाळी टायर घ्यावेत. मिशेलिन पायलट अल्पिन ५, कॉन्टिनेंटल विंटरकॉन्टॅक्ट टीएस ८६० एस किंवा पिरेलीची सॉटोझिरो मालिका ही त्या वर्गातली परिचित नावे. यांचे ठोकळे तुलनेने ताठ असल्याने स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावताना रबर फारसे डुलत नाही. उलट, महिनोन्‌महिने घट्ट बर्फ आणि गोठलेला रस्ता असेल, तर नोकियन हक्कापेलिट्टा आर ५ यांसारख्या उत्तरेकडील देशांसाठीच्या मऊ टायरांना पर्याय नाही. मात्र त्यांची वेगमर्यादा कमी असते आणि कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंगचा प्रतिसाद सैल वाटतो. खिळे बसवलेले टायर काचेसारख्या बर्फावर उत्तम असले, तरी जर्मनीसह अनेक देशांत सर्वसाधारण वापरासाठी त्यांना बंदी आहे.

ऑल-सीझन, म्हणजे वर्षभर चालणारे टायर ही तडजोड आहे. थंडी सौम्य असेल, गाडी कमी चालत असेल आणि दुसरा संच ठेवायला जागा नसेल, तर ती मान्य करता येते. परंतु गाडीच्या ताकदीचा पुरेपूर वापर करणाऱ्याला असे टायर उन्हाळ्यातही उणे वाटतील आणि खऱ्या बर्फातही, त्यामुळे मी स्वतंत्र रिमांवर बसवलेल्या दुसऱ्या संचाचाच आग्रह धरतो.

विकत घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह शोधावे. बर्फावरील ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच ते मिळते. नुसती ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे पुरेशी नाहीत, कारण ती टायरच्या नक्षीविषयी उत्पादकाने केलेली घोषणा असते. जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून केवळ या अक्षरांचा टायर हिवाळी म्हणून ग्राह्य धरला जात नाही.

आता मापाकडे वळू, कारण स्पोर्ट्स कारच्या बाबतीत सर्वाधिक चुका इथेच होतात. बर्फाळ रस्त्यासाठी शक्य असेल तर रिम एक इंचाने लहान आणि टायर थोडा अरुंद घ्यावा. अरुंद टायर मऊ बर्फ आणि चिखलमिश्रित पाणी कापत खाली जातो, तर रुंद टायर त्यावर तरंगू लागतो. शिवाय टायरची बाजू उंच असली की बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते. मात्र बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. मापात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि ‘आर’ नंतरचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. उदाहरणार्थ, २४५/३५ आर २० चा व्यास सुमारे ६८० मिलिमीटर भरतो आणि २४५/४० आर १९ चा सुमारे ६७९, म्हणजे ही अदलाबदल जमते. तरीही रिम घेण्यापूर्वी ती ब्रेक कॅलिपरवरून (ब्रेकची चकती दाबून धरणाऱ्या भागावरून) मोकळी फिरते का, हे पाहिलेच पाहिजे. मोठ्या सिरॅमिक ब्रेकच्या गाड्यांत लहान रिम अनेकदा बसतच नाही. गाडीच्या पुस्तिकेत हिवाळ्यासाठी मान्य केलेली मापे दिलेली असतात. त्याबाहेर जाऊ नये.

मापानंतरचा आकडा आणि अक्षरही वाचावे. ‘९८ व्ही’ लिहिले असेल तर तो टायर ७५० किलो भार आणि ताशी २४० किलोमीटर वेग पेलतो. भाराचा आकडा पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा कधीही कमी चालणार नाही. वेगाचे अक्षर हिवाळी टायरसाठी खालचे घेण्याची मुभा अनेक देशांत आहे, पण तेव्हा ती मर्यादा चालकाच्या नजरेसमोर चिकटवावी आणि पाळावी. पोर्शेसाठी ‘एन’, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीझसाठी ‘एमओ’ अशा खुणा असलेला टायर त्या कंपनीच्या गाड्यांसाठी जुळवलेला असतो; तुमच्या मापात तो मिळत असेल तर त्यालाच पसंती द्यावी.

चारही टायर एकाच मालिकेचे हवेत. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीला फक्त मागे हिवाळी टायर लावले, तर गाडी पुढे सरकेल, पण वळणार आणि थांबणार नाही. फक्त पुढे लावले, तर वळणात मागची बाजू सुटेल. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी निघताना सहज निघते आणि त्यामुळे खोटा विश्वास देते. ब्रेक लावताना तिलाही टायरच्या पकडीखेरीज आधार नसतो. अशा गाडीत पुढील व मागील चाकांच्या परिघाचे प्रमाण बिघडले तर गिअर यंत्रणेवर ताण येतो, हेही लक्षात असू द्यावे.

टायर बसवण्याआधी बाजूवरील चार अंकी तारीख तपासावी: ‘३५२४’ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण किंवा ‘आउटसाइड’ हा शब्द योग्य बाजूला आला आहे, हे स्वतः पाहावे. पहिले काही शे किलोमीटर गाडी सौम्यपणे चालवावी. हवेचा दाब टायर गार असताना मोजावा. तापमान १० अंशांनी घटले की दाब साधारण ०.१ बारने (बार हे दाबाचे एकक) उतरतो, म्हणून गरम गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा बाहेरच्या थंडीत कमी पडते.

कायद्याने अनेक देशांत १.६ मिलिमीटर खोल नक्षी चालत असली, तरी बर्फावर ४ मिलिमीटरखालचा हिवाळी टायर भरवशाचा राहत नाही. वसंतात हवा उबदार झाली की तो उतरवावा, कारण गरम रस्त्यावर त्याचे मऊ रबर लवकर झिजते आणि ब्रेकचे अंतर वाढते. उतरवताना प्रत्येक टायरवर खडूने त्याची जागा लिहावी, रिमांवरचे मीठ धुऊन काढावे आणि संच थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा.