घाटातल्या जंगलातले बदल मोजताना या चुका टाळा

सह्याद्रीतल्या एखाद्या खोऱ्याच्या वीस वर्षांच्या अंतराने टिपलेल्या दोन उपग्रह-प्रतिमा संगणकावर एकमेकींवर ठेवल्या की बदल दिसतोच. अडचण अशी की त्यातला बराचसा बदल जंगलात झालेला नसतो; तो आपल्या पाहण्यात झालेला असतो. ऋतू, सूर्याची जागा, कॅमेरा, जंगलाची व्याख्या किंवा मोजपट्टी धरणारा हात यांपैकी काहीतरी मधल्या काळात बदललेले असते आणि नकाशावर ते ‘तोड’ किंवा ‘वाढ’ या नावाने उमटते. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे त्या दुरुस्त कशा करायच्या हेही थोडेफार शिकलो आहे.

पानगळीला तोड समजणे

माझ्या पहिल्याच बदल-नकाशात कोयना खोऱ्याच्या पूर्वेकडचे उतार लालभडक झाले होते. जुनी प्रतिमा नोव्हेंबरातली होती आणि नवी मार्चमधली. दोन्ही ढगविरहित मिळाल्या, म्हणून मी खूश होतो. एवढी तोड कोणी केली हे पाहायला आम्ही दोघे भर उन्हात तो उतार चढलो. ऐन आणि साग निष्पर्ण उभे होते, पायाखाली पाचोळा करकरत होता आणि मधूनमधून पळस फुलला होता. वरच्या धनगरवाड्यावरच्या एका आजोबांना तोडीविषयी विचारले, तर ते म्हणाले, “आवं, तोड कुठली? पानं गळल्याती.”

तेव्हापासून मी नियम केला आहे की तुलना करायची तर दोन्ही प्रतिमा एकाच पंधरवड्यातल्या घ्यायच्या, आणि तेवढ्यावरही न थांबता त्या वर्षीचा पाऊस कधी परतला हे पाहायचे, कारण पाऊस लांबला की पानगळही लांबते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे दृश्य प्रकाशातल्या प्रतिमा जवळपास निरुपयोगी ठरतात, म्हणून अनेक जण ऑक्टोबरातली पहिली स्वच्छ प्रतिमा उचलतात. तीही फसवी असते. त्या दिवसांत गवत आणि झुडपे इतकी हिरवी असतात की विरळ रानही दाट भासते. उलट एप्रिल-मेमध्ये वणव्यांचा धूर असतो, जळलेले डाग असतात आणि कोकणाच्या बाजूला राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, कवळ (पानांसह फांद्या) तोडलेली झाडे उघडीबोडकी दिसतात, जी पावसाळ्यानंतर पुन्हा पालवतात. सदाहरित आणि पानझडी रान वेगळे काढायचे असेल, तर दरवर्षी डिसेंबर आणि मार्च अशा दोन ठरावीक वेळच्या प्रतिमा घ्याव्यात. मार्चमध्येही जे हिरवे राहते, ते जांभूळ-अंजनीचे सदाहरित रान असण्याची शक्यता मोठी असते.

ढगांवर उतारा म्हणून सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडार प्रतिमा सुचवल्या जातात. रडार ढगांतून आरपार पाहते हे खरे, पण तिरक्या नजरेने पाहत असल्यामुळे उभ्या कड्यांवर त्याचे चित्र दुमडते किंवा सावलीत जाते. ज्या जागी ढगांचा त्रास सर्वांत जास्त, नेमकी तिथेच ही अडचण येते.

कड्याच्या सावलीला उजाड जमीन समजणे

सपाटीवर काम करणाऱ्यांना ही चूक सहसा भेटत नाही. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ हे उपग्रह आपल्याकडे सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास डोक्यावरून जातात. त्या वेळी सूर्य पूर्वेकडे असतो आणि सह्याद्रीचा कोकणात उतरणारा पश्चिमेकडचा कडा सावलीत असतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलल्यामुळे ही सावली वायव्येकडे तोंड असलेल्या घळींत आणखी खोल शिरते. शिवाय लँडसॅट-५ ची माथ्यावरून जाण्याची वेळ त्याच्या दीर्घ आयुष्यात पुढेमागे झाली, त्यामुळे महिना तोच असला तरी सावली तीच असेलच असे नाही.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ‘घटलेल्या’ सगळ्या तुकड्यांचे उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहेत याची मोजदाद करावी. कुऱ्हाड दिशा पाहून चालत नाही; तेव्हा बहुतेक घट एकाच दिशेच्या उतारांवर पडली असेल, तर ती सूर्याची करामत असते. उंचीच्या आराखड्यावरून प्रकाशाची दुरुस्ती करता येते, पण खोल सावलीतले पिक्सेल (प्रतिमेतले ठिपके) कोणतीही दुरुस्ती परत आणत नाही. ते विश्लेषणातून वगळावेत आणि किती क्षेत्र वगळले ते स्पष्ट लिहावे.

वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहून एकच हिशेब मांडणे

१९७२ पासूनच्या लँडसॅट प्रतिमा उपलब्ध असल्यामुळे अर्धशतकाचा आलेख काढण्याचा मोह होतो. मात्र सुरुवातीच्या प्रतिमांतला एक ठिपका सुमारे ८० मीटरचा होता, १९८० च्या दशकापासून तो ३० मीटरचा झाला आणि २०१५ पासून सेंटिनेल-२ चा १० मीटरचा ठिपका मिळू लागला. एक एकराची देवराई घ्या. १० मीटरच्या प्रतिमेत ती चाळीस ठिपक्यांची असते, ३० मीटरच्या प्रतिमेत जेमतेम साडेचार ठिपक्यांत मावते आणि ८० मीटरच्या प्रतिमेत तिला पूर्ण एक ठिपकाही मिळत नाही. असे तीन नकाशे एका रांगेत लावले, की देवराया ‘नव्याने उगवल्या’ असे दिसते. तुलना करायची तर बारीक प्रतिमा आधी जुन्या प्रतिमेइतकी जाड करून घ्यावी. लँडसॅट-७ वापरताना मे २००३ नंतरच्या प्रतिमांत तिरके काळे पट्टे येतात, हेही ध्यानात ठेवावे. ते यंत्रातला भाग निकामी झाल्यामुळे आले, पण ते भरून काढण्याच्या घाईत दुसऱ्या ऋतूतले ठिपके घुसवले, तर पहिलीच चूक मागच्या दाराने परत येते.

शासकीय आकड्यांनाही हेच लागू आहे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा पहिला अहवाल १९८७ चा आहे. संपूर्ण देशाचे संगणकीय विश्लेषण २००१ च्या अहवालापासून सुरू झाले आणि ७० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र (झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन) असलेले ‘अतिघन’ वन २००३ पासून वेगळे दाखवले जाऊ लागले. या अहवालांत वनाच्छादन म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठी, किमान १० टक्के वृक्षछत्र असलेली कोणतीही जमीन. ती कोणाच्या मालकीची आहे आणि तिच्यावर कसली झाडे आहेत, हे पाहिले जात नाही. म्हणून सरकारी वन अगदी थोडे असलेल्या रत्नागिरीतही अहवालातला आकडा मोठा असतो, कारण त्यात आमराया आणि काजूच्या बागाही येतात. अहवाल चुकीचा नाही. त्यावरून नैसर्गिक जंगल वाढले असे म्हणणारा चुकतो.

फक्त दोन टोके पाहणे

दोडामार्गच्या बाजूला एखाद्या डोंगरावरचे रान तुटून तिथे रबर लागले, तर तोडीनंतरची दोन-चार वर्षे हिरवेपणाचा निर्देशांक कोसळलेला असतो आणि पुढे तो पूर्ववत होतो. दहा वर्षांच्या अंतराच्या दोनच प्रतिमा पाहणाऱ्याला तिथे काहीच घडलेले दिसत नाही. उलटही होते: कारवीची झुडपे सात-आठ वर्षांनी एकदम फुलून एकदम वाळतात आणि एखादा उतार वर्षभर आजारी असल्यासारखा दिसतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण, महाबळेश्वर, महाड भागात कोसळलेल्या दरडींच्या व्रणांवरही गवत आले की निर्देशांक सावरतो, झाड मात्र एकही नसते. दरवर्षीची एक प्रतिमा ओळीने लावली, तर कोसळण्याचा आकार आणि सावरण्याचा वेग या दोहोंवरून हे प्रकार बरेचसे वेगळे ओळखू येतात.

एक उपप्रकार इथेच सांगतो. कासच्या पठारासारखे कातळसडे (उघड्या खडकाची पठारे) पावसाळ्यात हिरवे आणि उन्हाळ्यात तपकिरी असतात. त्यांना ‘ऱ्हास पावलेले जंगल’ ठरवू नये, कारण तिथे जंगल कधी नव्हतेच.

नकाशातली चूक न मोजणे

दोन नकाशे प्रत्येकी ९० टक्के अचूक असतील आणि त्यांच्या चुका परस्परांशी संबंधित नसतील, तर दोन्ही एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता ८१ टक्केच उरते. अशा जोडीवरून तालुक्यातले जंगल २ टक्क्यांनी घटले असे जाहीर करण्यात अर्थ नसतो. शिवाय पडताळणीला जाताना आपण फक्त लाल ठिपक्यांवर जातो. त्यामुळे खोटी ओरड पकडली जाते, पण खरी तोड जिथे नकाशाला दिसलीच नाही ती जागा कायम निसटते. म्हणून ‘बदल नाही’ असे दाखवलेल्या भागातूनही चिठ्ठ्या टाकून ठिकाणे निवडावीत आणि तिथे जावे, कंटाळवाणे असले तरी.

उतारावर मोजपट्टी जमिनीलगत टाकणे

प्रत्यक्ष रानात झाडे मोजणाऱ्यांची ही सर्वांत महागडी चूक आहे. ३० अंशांच्या उतारावर २० मीटरची पट्टी जमिनीलगत टाकली, तर आडवे अंतर १७.३ मीटरच भरते आणि २० बाय २० मीटरची चौकट ४०० ऐवजी ३४६ चौरस मीटरची होते. पाच वर्षांनी दुसऱ्या चमूने तीच चौकट नीट आडवी मोजून आखली, तर झाडे शेकडा पंधराने वाढलेली दिसतात. अशा उतारावर पट्टी २३.१ मीटर सोडावी किंवा पायऱ्यापायऱ्यांनी आडवी धरावी.

घेर मोजण्यातही असेच. आपल्याकडे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घेण्याची पद्धत आहे, अनेक देशांत तो १.३० मीटरवर घेतात. आणि उतारावर ही उंची झाडाच्या चढाकडच्या बाजूने मोजायची असते. हळू वाढणाऱ्या झाडाचा घेर वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो, तेव्हा पट्टी चार बोटे खाली सरकली की अख्ख्या वर्षाची वाढ खोटी ठरते. बुंध्यावर रंगाची बारीक रेघ मारून ठेवावी आणि क्रमांकाच्या पत्र्याचा खिळा त्या रेघेपासून दूर ठोकावा, कारण खिळ्याभोवती साल फुगते. पावसात सालच पाणी पिऊन फुगते, म्हणून महिनाही तोच असावा.

एकूण झाडांची संख्या तीच राहिली म्हणजे रान स्थिर आहे असे समजू नये. शंभरांतली वीस मेली आणि वीस नवी आली, तरी बेरीज शंभरच येते. निलगिरीतल्या मुदुमलाई इथे १९८८ पासून ५० हेक्टरांच्या चौकटीत एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाची स्वतंत्र नोंद ठेवली जाते, ती याचसाठी.

शेवटची चूक वहीतली आहे. आमच्या एका चौकटीच्या कोपऱ्याची नोंद ‘मोठ्या जांभळापासून उत्तरेला १२ मीटर’ अशी होती. सहा वर्षांनी गेलो, तेव्हा ते जांभूळ आडवे होऊन कुजले होते आणि दाट छत्राखाली जीपीएस दर मिनिटाला वेगळी जागा दाखवत होते. अर्धा दिवस शोधल्यावर पाचोळ्याखाली एक गंजलेला खिळा सापडला. आता प्रत्येक कोपऱ्याला लोखंडी सळई असते आणि वहीत जवळच्या कातळाचे, ओढ्याच्या वळणाचे व दोन वेगवेगळ्या झाडांचे अंतर आणि होकायंत्राचे अंश लिहिलेले असतात.