छोट्या व्हॅनमध्ये संसार मांडताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आंबोलीत चौथ्या दिवशी सकाळी गादी उचलली आणि खालच्या प्लायवर काळपट हिरवी बुरशी दिसली. जुलैचा पाऊस, त्यात आंबोलीचा. वर्षाला सात हजार मिलिमीटर कोसळणारं गाव. साहजिकच आम्ही नवरा-बायको बॅटरी घेऊन छत कुठे गळतंय ते शोधायला लागलो. अर्धा दिवस गेला. छत गळतच नव्हतं. पाणी आम्हीच आत आणलं होतं: श्वासातून, चहाच्या आधणातून आणि रात्रभर आत वाळत घातलेल्या टॉवेलांतून.

दोन वर्षं आम्ही मारुतीच्या ईको या छोट्या व्हॅनमध्ये राहतो आहोत. या काळात जे काही बिघडलं, त्यातलं निम्म्याहून अधिक एकाच सवयीमुळे बिघडलं. गाडीला आम्ही पुण्यातला वन रूम किचन समजत होतो. घरात जे शहाणपणाचं ठरतं, ते पत्र्याच्या हलत्या खोलीत बरेचदा अंगलट येतं.

खिडक्या घट्ट लावून झोपणं

घरात पाऊस आला की आपण खिडक्या लावतो. व्हॅनमध्ये हीच पहिली चूक. एक किलो एलपीजी जळला की त्यातून दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. भातावरचं झाकण उघडून जी वाफ येते ती आणखी वेगळी. त्यात दोन माणसं रात्रभर श्वास सोडणार. ही सगळी वाफ जाणार कुठे? जिथे गार पत्रा भेटेल तिथे ती थेंब होऊन बसते आणि ओघळत गादीखाली पोचते.

आधी एवढं ठरवा, की ही गळती आहे की दव. सगळ्या काचा आणि उघडा पत्रा सारखाच ओला असेल, आणि पाऊस नसतानाही सकाळी तसाच दिसत असेल, तर ते दव. एकाच जागी ओघळ येत असेल आणि तोही पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर, तर गळती. गळती शोधायची तर एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची. सुरुवात खालून करून हळूहळू वर जायचं. वरून सुरुवात केली की सगळीकडूनच पाणी येतंय असं वाटतं आणि खरं भोक सापडत नाही.

दवावर उपाय साधे आहेत, फक्त पावसात ते मनाला पटत नाहीत. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवायच्या. त्यावर रेन व्हायझर (काचेवरची प्लास्टिकची पागोळी) लावले की पाणी आत येत नाही. आम्ही एका काचेच्या फटीत कॉम्प्युटरमध्ये असतो तसला बारा व्होल्टचा पंखा आतली हवा बाहेर फेकेल असा बसवला. वीज नाममात्र खातो आणि रात्रभर चालतो. गादीखाली सलग प्लाय नको, मध्ये दोन बोटं फट असलेल्या फळ्या हव्यात. सकाळी काचा सुती पंचाने पुसायच्या आणि तो पंचा बाहेर वाळत घालायचा. आत वाळत घातला की पुसलेलं पाणी दुपारपर्यंत पुन्हा काचेवर!

ऊन-थंडी अडवायला पत्र्याच्या आतून काय लावावं, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. आम्ही आधी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर भरली. स्वस्त मिळाली. पण तिने ओल धरली ती धरलीच. नंतर ती सगळी उपसून नायट्रिल फोमची (रबरी फोमची) शीट पत्र्याला थेट चिकटवली, मध्ये पोकळी न ठेवता. आणि एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती: दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. शीट चिकटवण्याच्या उत्साहात ती बुजवू नका. आमची बुजली होती. डाव्या दाराचा तळ सडला तेव्हा कळलं.

सुताराला 'मजबूत करा' म्हणणं

आमच्या सुताराने मनापासून काम केलं. फ्लॅटच्या वॉर्डरोबला वापरतात तोच अठरा मिलिमीटरचा प्लाय त्याने वापरला, वर सनमायका. आठ बाय चारची असली एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. अशा किती लागल्या हे आम्ही मोजलंच नाही. मग त्यात पाण्याचे कॅन, बॅटरी, सिलिंडर, पुस्तकं (माझी), हत्यारं (नवऱ्याची). वरंध घाट उतरताना तिसऱ्या वळणावर ब्रेकचा वास आला तेव्हा पहिल्यांदा वजनाचा विचार डोक्यात आला.

साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. आम्ही दोघं खाली उभे असतानाच काट्यावरचा आकडा आरसीवर लिहिलेल्या जास्तीत जास्त वजनाला जवळजवळ भिडला होता. म्हणून सामान भरून, पाण्याच्या टाक्या तुडुंब करून, निघण्याच्या आधी एकदा काट्यावर जाऊन या. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळीही तोलून घ्या. एकूण वजन मर्यादेत असूनही सगळा भार मागे पडलेला असू शकतो, आणि मग स्टिअरिंग हलकं लागतं. टायरची हवा भरलेल्या गाडीची ठेवायची. तो आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

आम्ही पुढे अर्धं फर्निचर उखडलं. आता ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर सहा मिलिमीटरचा प्लाय आहे, आणि ड्रॉवरच्या जागी आईने शिवून दिलेल्या कापडी खिशांची रांग आहे. खिसे वाजत नाहीत, हे वरचं बक्षीस.

घाटात चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवायचा, हे एसटीचे ड्रायव्हर न सांगता करतात. ब्रेक तापल्याचा वास आलाच तर सुरक्षित जागा बघून थांबा, चाकांवर पाणी ओतू नका, हँडब्रेक ओढून ठेवू नका. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा आणि चहा करा.

ईको घेणाऱ्यांसाठी खास: हिचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. ऑइल बघायचं तर सीट उचलावी लागते. आमचं कपाट सीटला इतकं चिकटून बसवलं होतं की सीट उचलेचना. कुडाळच्या मेकॅनिकने आधी दहा मिनिटं हसून घेतलं, मग कपाट खोललं.

घरचा इलेक्ट्रिशियन बोलावणं

'बारा व्होल्टच तर आहे, शॉक बसत नाही,' असं म्हणून त्याने घरातलीच वायर ओढली. शॉक बसत नाही हे खरं. पण व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच कामाला ॲम्पिअर जास्त. घरात हजार वॅटचं यंत्र साडेचार ॲम्पिअर घेतं. बारा व्होल्टवर तेच इन्व्हर्टरमधून चालवलं की बॅटरीतून नव्वद-शंभर ॲम्पिअर खेचले जातात. बारीक वायर एवढ्याने तापते, वितळते, आणि शेजारी असतो प्लाय. बॅटरी ते इन्व्हर्टर वायर जाड आणि आखूड हवी. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर हवा, दुसऱ्या टोकाला नको. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कोणीच वाली नसतो.

आमची सर्वांत चिवट तक्रार फ्रिजची होती. बॅटरी भरलेली असायची, मीटर बारा पॉइंट सहा दाखवायचा, तरी फ्रिज रात्री बंद पडायचा. दोन ठिकाणी दाखवून आणला. शेवटी नवऱ्याने कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी मल्टिमीटर थेट फ्रिजच्या टोकाला लावला. तिथे अकराच्याही खाली व्होल्ट दिसले. सहा मीटर बारीक वायरने मधल्या मध्ये व्होल्ट खाल्ले होते. वायर बदलली आणि फ्रिज सुधारला. तेव्हा तपासायचं ते बॅटरीपाशी नाही, उपकरणापाशी, आणि तेही ते चालू असताना.

इंजिनच्या बॅटरीवर पंखे-दिवे चालवू नका. दुसरी बॅटरी ठेवा. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्म्याखाली उतरवू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर अधिक वापरता येते, पण तापमान शून्याखाली असताना तिला चार्जिंग चालत नाही. स्पितीत पहाटे गाडी सुरू करून 'चला, चार्ज होऊ दे' म्हणालात तर बॅटरी कायमची अधू होऊ शकते. सोलरचं गणित उन्हाळ्यातल्या आकड्यांवर मांडू नका. आमचं दोनशे वॅटचं पॅनल मार्चमध्ये फ्रिज, दिवे, दोन लॅपटॉप आरामात ओढतं. जुलैत कोकणात त्याच्या पाव भागावर आलं, आणि लॅपटॉप घेऊन आम्ही गावोगावच्या खानावळीत प्लग पॉइंटशेजारचं टेबल धरायला लागलो.

गॅस

इथे गंमत नाही, म्हणून थोडक्यात. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नको, पाच किलोचा पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका तुमच्या गादीच्या पातळीला. सिलिंडरच्या खणाच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवंच. नळीवरची तारीख बघा. गरम व्हावं म्हणून शेगडी किंवा निखारे पेटवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस जागा होत नाही. त्याचा अलार्म हजार-दोन हजारांत मिळतो, तो नसेल तर थंडीच्या प्रदेशात जाऊ नका. उंचावर थंडीत शेगडी मिणमिण करत असेल तर ती बिघडलेली असेलच असं नाही. सिलिंडरमधल्या ब्यूटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही. सिलिंडर उन्हात ठेवा. त्याला आच देऊ नका.

मुक्कामाची जागा अंधारात शोधणं

आमचा नियम आता पक्का आहे: सूर्य मावळायच्या तासभर आधी गाडी लागलेली पाहिजे. अंधारात सपाट वाटलेली जागा सकाळी ओढ्याचं पात्र निघते.

सर्वांत मोहाची जागा किनारा. दर सुट्टीत कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर गाडी रुतल्याचे आणि भरतीने गिळल्याचे फोटो येतात. वाळूत जाऊच नका. कडेला थांबायचं तरी भरती बघा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी नेहमीच्या खुणेच्या वर चढतं. आणि नारळाखाली गाडी लावू नका. सावली चांगली मिळते, पण एका नारळाने आमचं व्हायझर आणि शांत झोप दोन्ही एका फटक्यात घालवलं.

गोव्यात जाणार असाल तर लक्षात ठेवा, २०१९ पासून तिथे किनाऱ्यासारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. तेव्हा एकट्याला दोन हजार, गटाला दहा हजार रुपये दंड ठरला होता. मागचं दार उघडून कांदेपोहे करणं त्यात सहज बसतं.

गावात थांबायचं तर विचारून थांबा. पोलीस पाटील, सरपंच, नाहीतर देवळाचे पुजारी. 'दादा, एक रात्र गाडी लावू का, सकाळी निघतो' एवढं पुरतं. बहुतेक वेळा परवानगीबरोबर ताकही मिळतं. न विचारता लावलेल्या गाडीवर मात्र रात्री अकराला टॉर्च पडतो, आणि त्यात गावकऱ्यांचं काही चुकत नाही. ढाब्यावर थांबायचं तर आधी तिथे जेवा. पेट्रोल पंपावर थांबलात तर शेगडीला हात लावू नका.

कागदपत्रं 'नंतर बघू'

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. सीटा कायमच्या काढणं, छत उंच करणं यासाठी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. विम्याचा दावा करायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच निघतो. आम्ही नव्याने केलेलं सगळं सामान पट्ट्यांनी बांधलेलं आहे, तासाभरात उतरवता येतं. शिवाय, दुसऱ्या एकाच राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो.

आणि उरलेलं

शौचालयाची सोय नंतर करू म्हणू नका. आम्ही मूत्र वेगळं राहील असा डबा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरतो, वास येत नाही. डबा ओढ्यात किंवा नदीकाठी रिकामा करायचा नाही, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. पाणी दोघांना दिवसाला बारा-पंधरा लिटर पुरतं, अंघोळ सोडून. अंघोळ भक्तनिवासात.

शेवटची चूक घाईची. पहिल्या महिन्यात रोज दोनशे किलोमीटर तोडले आणि काय पाहिलं ते आठवत नाही. आता एका जागी चार रात्री तरी काढतो. भांडणं तरीही होतात, कारण रागावून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही. मग ज्याचा पारा जास्त चढलेला असेल त्याने खाली उतरून टायरची हवा तपासायची, असं ठरलंय. आमच्या टायरमधली हवा कायम बरोबर असते.