एअर सॅम्पलच्या फिल्टरवरची धूळ काउंटरपर्यंत शाबूत कशी न्यावी

किरणोत्सारी पदार्थ हाताळले जातात तिथे पंप फिल्टर पेपरमधून हवा ओढतो आणि पेपरवर जमलेली धूळ आपण अल्फा-बीटा काउंटरमध्ये (अल्फा आणि बीटा किरण मोजणाऱ्या यंत्रात) मोजतो. मधल्या वाटेत थोडी धूळ झडली तर हवा होती त्यापेक्षा स्वच्छ दिसते, आणि ती हवा ज्याने श्वासात घेतली त्याचा डोस (शरीराला मिळालेली किरणांची मात्रा) कमी धरला जातो. शिवाय झडलेली धूळ काउंटरच्या ट्रेमध्ये पडून पुढचे नमुने बिघडवते.

रोजच्या देखरेखीला ४७ मिमी व्यासाचा ग्लास फायबर पेपर वापरा. कण त्याच्या धाग्यांत रुततात, त्यामुळे पकड चांगली असते. काही अल्फा कण पेपरमध्येच अडतात, त्याची दुरुस्ती हिशेबात धरा. मेम्ब्रेन फिल्टरवर (बारीक छिद्रांच्या पातळ पडद्यावर) कण वरच्या वर राहतात, म्हणून अल्फा स्पेक्ट्रम (अल्फा कणांच्या ऊर्जेची विभागणी) हवा असेल तेव्हा तोच लागतो, पण तो हाताळताना दुप्पट जपावे लागते. पीटीएफई (टेफ्लॉन) मेम्ब्रेन कोरड्या खोलीत स्थिर विद्युतभार धरते आणि चिमटा जवळ येताच कण उडू शकतात. सेल्युलोजचा कागद ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात तो होल्डरला (पेपर धरणाऱ्या साच्याला) चिकटतो आणि काढताना कडेने फाटतो.

धूळ जास्त असेल तिथे सॅम्पल लांबवू नका. थर जाड झाला की त्याच्या खपल्या निघतात. सुरुवातीचा हवेचा प्रवाह लिहून ठेवा. तो साधारण १० टक्के घसरला की पेपर बदला.

पेपर काढण्याआधी प्रवाह आणि वेळ नोंदवा. होल्डरचे तोंड खाली असेल तर पंप चालू असतानाच ते वर करा, म्हणजे ओढीमुळे धूळ पेपरला धरून राहते. मग पंप बंद करा. होल्डरची आवळणारी रिंग सावकाश सोडा. बोथट, सपाट टोकांच्या चिमट्याने पेपर फक्त कोऱ्या कडेला धरा. डोक्यावरचा पंखा बंद हवा. नमुना क्रमांक पेट्री डिशवर लिहा, पेपरवर नको.

पेपर ग्लासिनच्या (गुळगुळीत कागदाच्या) पाकिटात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत सरकवणे ही सर्वांत मोठी चूक. धूळ आतल्या बाजूला पुसली जाते, आणि मोजणीनंतर ते पाकीट कचऱ्यात जाते. त्याऐवजी पेपर धुळीची बाजू वर करून थेट प्लँचेटवर (काउंटरमध्ये नमुना ठेवायच्या उथळ धातूच्या तबकडीवर) ठेवा, प्लँचेट झाकणाच्या पेट्री डिशमध्ये, आणि डिश आडवीच न्या. झाकण धुळीला टेकता कामा नये. अल्फाच्या नमुन्याची घडी कधीही घालू नका, त्यावर टेपही लावू नका.

प्लँचेटवर बसवलेला पेपर शेवटच्या मोजणीपर्यंत हलवू नका. याचे कारण रेडॉन आणि थोरॉन. हे किरणोत्सारी वायू हवेत नैसर्गिकपणे असतात, आणि त्यांच्या विघटनातून बनलेली अपत्ये याच पेपरवर जमतात, म्हणून ती विरल्यावर पुन्हा मोजावे लागते. रेडॉनची अल्पायुषी अपत्ये काही तासांत विरतात, पण थोरॉनच्या साखळीतल्या शिसे-२१२ चे अर्धायुष्य १०.६ तास असल्याने दुसरी मोजणी तीन-चार दिवसांनी करावी लागते. या दोन मोजण्यांमध्ये धूळ झडली, तर आलेली घट रेडॉन-थोरॉनच्या नावावर जमा होते. आकडे बघून ही चूक ओळखता येत नाही, उलट नमुना अगदी अपेक्षेप्रमाणे वागल्यासारखा वाटतो. दीर्घायुषी प्लुटोनियमसुद्धा अशा रीतीने हिशेबातून निसटू शकते.

म्हणून दर काही नमुन्यांमागे तपासणी ठेवा. शेवटच्या मोजणीनंतर रिकामी डिश, झाकण आणि पेपराखालचे प्लँचेट छोट्या ओलसर कागदाने पुसा, कागद वाळवा आणि मोजा. पार्श्वभूमी (नमुना नसतानाही येणारे काउंट, म्हणजे यंत्राने मोजलेले ठोके) वजा करून पेपरवर ९०० आणि पुसलेल्या कागदावर १०० काउंट आले, तर निदान १० टक्के धूळ झडली आहे. पुसून सगळी धूळ निघत नाही, त्यामुळे खरे नुकसान याहून जास्तच असणार. हे काउंट नमुन्यात मिळवा, नोंदवहीत वेगळे लिहा, आणि होल्डरची आतली कड व ओ-रिंगही (पेपराची कड दाबून धरणारी रबरी कडीही) पुसून बघा. ओ-रिंगवर सतत काउंट येत असतील तर ती फार आवळली जाते आहे किंवा पेपर नीट मध्यावर बसत नाही.