ट्रॅक्टर, थ्रेशर, जेसीबीजवळ काम सुरू करताय? इंदूरकडच्या नव्या पोरांसाठी थोडं

आयटीआयचा मेकॅनिक ट्रॅक्टर किंवा मेकॅनिक डिझेल ट्रेड करून वर्कशॉपला नाहीतर फील्ड सर्व्हिसला लागणार असाल तर हे तुमच्यासाठी आहे. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिला प्रश्न ठरलेला, सर सगळ्यात डेंजर मशीन कोणतं? आता याला काय उत्तर देणार. चालू जेसीबीला सगळेच घाबरतात, लांबच उभे राहतात, त्यामुळे तिथे निदान लक्ष तरी असतं. लोक सापडतात ते बहुतेक थांबलेल्या मशीनजवळ, कारण थांबलंय म्हणजे बंद आहे असं आपण धरून चालतो. म्हणून मी पोरांना एकच सवय लावतो, हात घालायच्या आधी बघ की आत्ता यातलं काय हलू शकतं, आणि ते हललं तर मी कुठे उभा आहे. दोन्हीची उत्तरं मिळाली तर पाना उचल, नाहीतर चहा पी.

लिफ्टचंच घ्या. शेतकऱ्याने रोटावेटर (ट्रॅक्टरमागचं माती फोडायचं अवजार) वर उचलून ठेवलाय, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि तुम्ही खाली शिरून ब्लेडचे बोल्ट कसताय. तो रोटावेटर आत कोंडलेल्या तेलावर टांगलेला आहे, इंजिनाचा काही संबंध नाही. लिव्हरला कुणाचा पाय लागला, किंवा सील लीक असलं, की तो खाली येतो, आणि लहानसा रोटावेटरसुद्धा काही क्विंटलचा असतो. जॅकचं तेच, जॅक फक्त उचलण्यासाठी, धरून ठेवायला स्टँड किंवा लाकडाचा जाड गुटका, आणि विटा तर कधीच नाही, वीट भार पडल्यावर न सांगता फुटते. जेसीबीच्या पुढच्या लोडर आर्मला अडकवायला सेफ्टी स्ट्रट येतो, आर्म वर ठेवून काम करायचं असेल तर तो लावायचाच. नाहीतर सरळ बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मग लिव्हर चार वेळा इकडेतिकडे हलवा म्हणजे लाईनमधलं प्रेशर निघतं, आणि किल्ली स्वतःच्या खिशात. ऑपरेटरच्या खिशात नाही हं, तुमच्या.

आता पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट, ज्यावर थ्रेशर-रोटावेटर चालतात. स्टँडर्ड स्पीड ५४० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्ट साधारण ५ सेंटीमीटर जाड धरला तर एका फेऱ्यात पंधरा-सोळा सेंटीमीटर कापड गुंडाळलं जातं, ९ फेऱ्यांत जवळजवळ दीड मीटर. म्हणजे गळ्यातला गमछा सव्वा-दीड सेकंदात संपला, आणि गमछा संपला की पुढे मानच आहे. हा हिशोब मी मुद्दाम फळ्यावर करून दाखवतो कारण ‘सावध राहा’ म्हटलेलं कुणी ऐकत नाही. चालू शाफ्ट ओलांडून जायचं नाही, ट्रॅक्टरला वळसा घालून जायचं, मग तो कितीही लांब पडो. पूर्ण बाही घालायची तर बटण लावून, आणि शर्ट खोचलेला.

थ्रेशरचा सीझन आपल्याकडे गव्हाला मार्च-एप्रिल आणि सोयाबीनला सप्टेंबर-ऑक्टोबर, त्या दिवसांत रात्ररात्र काम चालतं, झोप नाही, धूळ, आवाज, आणि अपघातांचं हेच खरं कारण आहे, मशीन काही रात्री जास्त वाईट होत नाही, माणूस होतो. थ्रेशरच्या तोंडाचा जो पन्हाळा असतो, ज्यातून पीक आत ढकलतात, त्याची लांबी भारतीय मानकाप्रमाणे कमीत कमी ९०० मिलीमीटर आणि त्यातला ४५० मिलीमीटर भाग वरून झाकलेला पाहिजे, जेणेकरून हात ड्रमपर्यंत पोचूच नये. धोकादायक यंत्रांसाठी १९८३ चा केंद्रीय कायदापण आहे, त्यात थ्रेशर येतात. पण गावात जुन्या मशीनचा पन्हाळा कापून आखूड केलेला दिसेल, विचारलं तर म्हणतात भरायला सोपं जातं. अशा मशीनवर तुम्हाला बोलावलं तर आधी पन्हाळा हाताच्या वितीने मोजा, चार विती सुद्धा भरत नसतील तर चालू मशीनजवळ थांबू नका. आणि बेल्ट उतरवला तरी फ्लायव्हील आपल्या मस्तीत फिरत राहतं, पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

दुरुस्तीवाल्यांचा सगळ्यात मोठा आजार म्हणजे पेचकसने स्टार्टर शॉर्ट करून ट्रॅक्टर चालू करणे. नवीन ट्रॅक्टरला सेफ्टी स्विच असतो, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर घेत नाही. खाली उभं राहून टर्मिनल जोडलं की तो स्विच गेला उडत, आणि गिअर लागलेला असेल तर ट्रॅक्टर इंजिन धरताच चालायला लागतो, आणि तुम्ही उभे असता बरोबर मागच्या चाकाच्या समोर. मिस्त्री लोक हे इतक्या सहज करतात की नव्या पोराला वाटतं हीच पद्धत आहे. नाही, ती पद्धत नाही, बॅटरीचे टर्मिनल साफ करा, स्विच बदला, किंमत चहा-पोह्यांच्या पार्टीएवढी पण नसते.

माळव्याची काळी माती हा वेगळा विषय आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की सगळा गाव सल्ला द्यायला येतो, कुणी म्हणतं चाकापुढे लाकूड बांधा, कुणी म्हणतं वरून साखळी लावा. मागची चाकं अडकली आणि तुम्ही क्लच सोडून रेस दिली तर चाक फिरू शकत नाही, मग फिरतं काय, तर ट्रॅक्टरचं धड, ॲक्सलभोवती, आणि पुढचं तोंड उचलून तो मागे उलटतो. ड्रायव्हरला कळेपर्यंत झालेलं असतं, उडी मारायला वेळच मिळत नाही. म्हणून चाकाला लाकूड बांधणं बंद, आधी रिव्हर्समध्ये निघतो का बघा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा. टोचन लावायचं ते खाली ड्रॉबारला, टॉप लिंकच्या जागी किंवा ॲक्सलवर नाही, जितकं वर बांधाल तितकं उलटणं सोपं. साखळी ताणलेली असताना तिच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही, तुटली तर ती कुणाला विचारून येत नाही. रोलबार असलेला ट्रॅक्टर असेल तर बेल्ट लावा, रोलबार आणि बेल्ट दोन्ही मिळूनच काम करतात, एकटा रोलबार तुम्हाला सीटवर धरून ठेवत नाही. विहिरीच्या, नाल्याच्या काठाने जाताना साधा नियम, काठ जितका खोल तितकं अंतर ठेवा, काळी माती वरून टणक दिसते आणि भार आला की पूर्ण फळीच खाली जाते.

ट्रॉली जोडताना हेल्परला मधे उभं करून ट्रॅक्टर मागे घेतात, हे आपल्याकडे इतकं चालतं की बोलायची सोय नाही. ड्रायव्हर थांबला, न्यूट्रल, हँडब्रेक, मगच हेल्पर मधे जाईल आणि पिन टाकेल. रोडवर निघताना दोन्ही ब्रेक पेडलची कडी लावलेली बघा, एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. मडगार्डवर बसणारे पाहुणे, पोरं, त्यांना उतरवा, राग आला तर येऊ दे. जेसीबीजवळ असाल तर एवढंच, आरशात ऑपरेटरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. इशारा एकाच माणसाने द्यायचा, हाताने, कारण एक मालवी बोलतोय, एक निमाडी, आणि आवाजात तसंही काही ऐकू येत नाही. ट्रॉली टिप करायच्या किंवा बूम उचलायच्या आधी वर मान करून तारा बघा, ११ केव्हीची लाईन शेतातून जाते आणि नेमकी सावलीच्या जागेवरूनच जाते.

एक गोष्ट मात्र जास्तीची सांगतो कारण शिकलेल्या पोरांनाही माहीत नसते. हायड्रॉलिक पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर दीड-दोनशे बारच्या प्रेशरने येणारं तेल चामडीतून आत जातं. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फार, आणि दोन-चार तासांत हात सुजायला लागतो. लीक शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आणि कुणाला तसं झालंच तर हळद-मलम करत बसू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलला, इंदुरात असाल तर एमवाय किंवा जवळ जे सर्जन असलेलं हॉस्पिटल असेल ते, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की प्रेशरने तेल आत गेलंय, नाहीतर तो छोटी जखम समजून पट्टी करून घरी पाठवेल. बोट तुटलं तर ते स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फात ठेवा, बोट थेट बर्फावर नको. १०८ लावायला कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

आता ‘भैया दो मिनिट का काम है’ याचं काय करायचं. हे वाक्य तुम्ही रोज ऐकणार, शेतकरी म्हणेल, मॅनेजर म्हणेल, उस्ताद तर म्हणेलच. भांडू नका, फक्त म्हणा की हो काका, दोन मिनिटं मलाही द्या, गुटका लावतो. इतकं बोललं की कुणी नाही म्हणत नाही, अनुभव आहे. आमच्या घरी सगळे बँकेत नाहीतर एलआयसीत, मी एकटाच ग्रीसमध्ये, त्यामुळे आईला रोज संध्याकाळी दहा बोटं दाखवायची मला सवय लागलीय, ते सोडा.

ज्यांना नीट शिकायचंय त्यांनी बुधनीची केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था बघावी, १९५५ पासून आहे, सीहोर जिल्ह्यात नर्मदेच्या काठाला. आणि नोकरी घ्यायच्या आधी पगाराचं बोलणं होईपर्यंत शेडमध्ये एक चक्कर मारा. स्टँड आहेत का, लोक जॅकवरच काम करतायत का, पीटीओचे गार्ड लावलेले आहेत का कोपऱ्यात ढिगात पडलेत, शेड बंद करून आत इंजिन चालू ठेवतात का, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं तिथे कानाला काही देतात का. गार्डचा ढीग दिसला तर दोन हजार जास्त देत असतील तरी दुसरीकडे बघा, देवास नाक्यापासून सांवेर रोडपर्यंत वर्कशॉपची काही कमी नाहीये.